आदेश कोणी दिला, किती वाजता?

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटी या गावात १ सप्टेंबर २०२३ रोजी जे घडले त्याच्या दोन हकिकती तेव्हाही सांगितल्या जात होत्या आणि आजही सांगितल्या जातात. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील २९ ऑगस्टपासून उपोषणाला बसले होते. त्यांची प्रकृती खालावत चालल्याने त्यांना रुग्णालयात हलवायचे म्हणून पोलीस आले, जमलेल्या लोकांनी हलवू दिले नाही, आणि त्यानंतर लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली. पहिला दगड जमावातून आला, असे पोलीस म्हणतात. शांतपणे बसलेल्या बायाबापड्यांवर काठ्या चालवल्या, असे गाव म्हणते. गावकरी जखमी झाले तसे पोलीसही झाले. शेकडो लोकांवर गुन्हे नोंदले गेले, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ४ सप्टेंबरला सरकारच्या वतीने माफी मागितली.

मला त्या माफीपेक्षा तिच्यासोबत आलेला खुलासा अधिक महत्त्वाचा वाटतो. लाठीमाराचे आदेश मंत्रालयातून जात नाहीत, ते अधिकार जिल्ह्यातल्या पोलीस अधिकाऱ्यांचे असतात, अशा आशयाचे ते बोलले, आणि विरोधकांना त्यांनी नागपूरच्या १९९४ च्या गोवारी मोर्चाची आणि मावळच्या २०११ च्या गोळीबाराची आठवण करून दिली. तेव्हा काय मंत्रालयातून आदेश गेले होते? राजकीय प्रश्न म्हणून तो बिनतोड होता, कारण त्या दोन्ही वेळी सत्तेवर असलेल्यांपैकी बरीच मंडळी आता समोरच्या बाकावर होती. पण नीट ऐकले तर त्या प्रश्नातून एक विलक्षण कबुली बाहेर पडते. सरकारे बदलली, पक्ष बदलले, तीन दशके गेली, तरी आदेश कोणाचा होता हे विचारल्यावर उत्तर एकच येते, की आमचा नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने तो खुलासा चूक नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९ व्या कलमाप्रमाणे, बेकायदा जमावाला किंवा शांतताभंगाची शक्यता असलेल्या पाच किंवा अधिक लोकांच्या जमावाला पांगण्याची आज्ञा कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो, आणि तो हजर नसेल तर उपनिरीक्षकाच्या दर्जाचा अधिकारीही देऊ शकतो. आज्ञा देऊनही जमाव पांगला नाही, किंवा पांगणार नाही हे त्याच्या वागण्यावरून उघड दिसले, तरच बळाचा वापर करता येतो. म्हणजे एखाद्या गावातल्या शेकडो माणसांच्या हातापायांचे काय होणार हे ठरवण्याचा अधिकार आपण एका फौजदाराच्या हाती दिला आहे. यात गैर काही नाही. प्रसंग हाताबाहेर जात असताना मुंबईला फोन लावत बसण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. पण अधिकार इतक्या खाली दिला असेल तर त्याची नोंदही तितक्याच खाली, त्याच जागी आणि त्याच वेळी व्हायला हवी. माझे म्हणणे एवढेच आहे, की लाठी उचलण्याच्या प्रत्येक आदेशाला एक नाव, एक वेळ आणि एक लेखी कारण असले पाहिजे, आणि ते जनतेला ठराविक मुदतीत वाचायला मिळाले पाहिजे. मागणी क्षुल्लक वाटेल, पण ती कधीच पुरी होत नाही हेच आपल्याकडच्या या सगळ्या रोगाचे मूळ आहे.

नोंद टाळण्याचे काम भाषेपासूनच सुरू होते. ‘जमावाला पांगवण्यासाठी पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचले आहे की ते डोळ्यांवरून घसरून जाते. ‘करावा लागला’ म्हटले की करणारा नाहीसा होतो आणि उरते ती फक्त परिस्थिती. ‘सौम्य’ या शब्दाची तर गंमतच आहे. लाठीमार सौम्य होता हे ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला विचारून ठरवलेले नसते; ते प्रसिद्धिपत्रक लिहिणाऱ्याने ठरवलेले असते. सौम्य म्हणजे किती काठ्या, शरीराच्या कोणत्या भागावर, किती मिनिटे? काठी कमरेखाली मारायची असे प्रशिक्षणात शिकवतात, म्हणून डोक्याला टाके पडलेले चार लोक रुग्णालयात असतील तर तो लाठीमार सौम्य नव्हता, हे कोणाच्या मताचे काम नाही, ते जखमांच्या प्रमाणपत्रावरून सिद्ध होते. पण प्रमाणपत्र आणि प्रसिद्धिपत्रक शेजारीशेजारी ठेवून कोणी पाहत नाही.

नागपूरच्या गोवारींचे प्रकरण इथे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गोळी न झाडता किती माणसे मारता येतात हे त्यात दिसते. २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. गुरे राखणारा हा समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांची नोंद ‘गोंड गोवारी’ अशी झालेली असल्याने सवलती मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. विदर्भाच्या गावागावांतून हजारोंनी लोक आले, बायका आल्या, लहान पोरे आली, कारण अशा मोर्चांना माणसे कुटुंबासकट येतात. नागपूरच्या अधिवेशनातले मोर्चे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो सगळा प्रकार ठाऊक असतो: ठरलेल्या ठिकाणी मोर्चा अडवायचा, पुढे कठडे, कठड्यांमागे पोलिसांची रांग, आणि मग शिष्टमंडळ आत जाण्याची किंवा मंत्री बाहेर येण्याची वाट पाहत उन्हात बसून राहायचे. त्या दिवशी तास उलटत गेले, संध्याकाळ झाली, बोलायला कोणी आले नाही. एक लाल दिव्याची गाडी दिसली, मंत्री आले असे वाटून लोक उठून पुढे सरकले आणि पोलिसांना तो हल्ला वाटला, असे आजही सांगितले जाते. काठ्या चालल्या. लोक मागे वळले, आणि मागे होती ती त्यांचीच गर्दी. ११४ माणसे चेंगरून मेली. मेलेल्यांत बायका आणि मुलेच अधिक होती.

या घटनेची चर्चा नेहमी चेंगराचेंगरी म्हणून होते, आणि चेंगराचेंगरी म्हटले की दोष गर्दीकडे जातो. पण कायद्यातला शब्द ‘पांगवणे’ असा आहे, आणि पांगायला वाट लागते. समोर कठडा, मागे दाट जमाव, आजूबाजूला भिंती किंवा कुंपण असताना एखाद्या अधिकाऱ्याने लाठीचा आदेश दिला, तर त्याने लोकांना पांगायला सांगितलेले नसते. जी गोष्ट करणे त्यांना अशक्य आहे ती न केल्याबद्दल तो त्यांना मारत असतो. सूचनेचेही तसेच आहे. ध्वनिक्षेपकावरून दिलेला इशारा पहिल्या दहा रांगांना ऐकू जातो. पाचशेव्या रांगेतल्या बाईला घोषणांच्या गोंगाटात काहीच ऐकू येत नाही, तिला फक्त अंगावर येणारी लाट कळते. इशारा दिला होता काय, एवढे विचारून भागत नाही. तो कोठे उभे राहून दिला, किती वेळा दिला, त्यानंतर किती मिनिटे थांबलात, आणि लोकांनी कोणत्या रस्त्याने निघून जावे असे सांगितलेत, हे विचारावे लागते. यातले कोणतेही उत्तर त्या दिवशी लिहून ठेवलेले नसेल तर पुढे आयोग नेमून ते सापडत नाही. आयोग नेमला गेला, पण ११४ मृत्यूंसाठी शिक्षा कोणालाही झाली नाही. तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. समाजाला अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात असा निकाल नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. झिरो माइलजवळ स्मारक आहे, आणि एका उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे.

चौकशी आयोगावर आपली फार भिस्त असते. चौकशी आयोग कायदा १९५२ चा आहे आणि त्याखालील आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. अहवाल कार्यवाहीच्या टिपणासह सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा एवढीच सक्ती आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जण मेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा बचाव केला गेला. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी, आणि उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला. तरीही महाराष्ट्रातल्या प्रकरणांपैकी हे त्यातल्या त्यात तडीस गेलेले म्हणायचे, याचे साधे कारण हे, की तिथे आदेश कोणाचा होता ते ठाऊक होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी, नेमक्या क्रांतिदिनी, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करण्यासाठी मावळातले शेतकरी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळ्यांनी तिघे मेले, त्यांत एक बाई होती. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत मावळचे नाव निघाले. निघते ते नाव गोळीबाराचे असते, गोळीबार करवणाऱ्याचे नसते.

आता आक्षेपाकडे येऊ, कारण तो खरा आहे. द्रुतगती मार्ग अडवणे म्हणजे शांततामय निदर्शन काय? रुग्णवाहिका अडकते, परीक्षेचा विद्यार्थी अडकतो, आणि त्या अडकलेल्यांनाही हक्क असतात. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचा आहे, तो अमर्याद नाही. शाहीनबागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट म्हटले, की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरण्याचा अधिकार आंदोलकांना नाही आणि तो मोकळा करणे हे प्रशासनाचे काम आहे. मला हे मान्य आहे. पण अडथळा आणि हिंसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रस्त्यावर बसलेल्या माणसाला उचलून गाडीत घालणे वेगळे आणि बसल्या जागी त्याला बडवणे वेगळे. लाठी हे कायद्याने जागा मोकळी करण्याचे साधन आहे, शिक्षेचे नव्हे. शिक्षा न्यायाधीश देतो. याची कसोटीही अवघड नाही: पळणाऱ्याच्या पाठीवर, पडलेल्याच्या अंगावर किंवा घरात शिरलेल्याला बाहेर ओढून जी काठी मारली जाते, तिने कोणतीही जागा मोकळी होत नसते.

दगडफेकीचा मुद्दा याहून नाजूक आहे. जमावातून दहा दगड आले की उरलेल्या दोन हजारांचे आंदोलन त्या क्षणी हिंसक ठरते, असे आपल्याकडे सगळे धरून चालतात, आंदोलकही. म्हणून तर दगड मारणारे आमचे नव्हतेच, बाहेरून घुसवलेले होते, हे वाक्य ठरलेले असते. अनिता ठाकूर विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली याचे नेमके उत्तर दिले आहे. तिथे आंदोलकांकडूनही आगळीक झाली होती, आणि पोलिसांना बळ वापरणे भाग होते, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण लोक काबूत आल्यावरही मारहाण चालू राहिली, तिथून पुढचे बळ मर्यादेबाहेरचे होते, असे ठरवून भरपाई द्यायला लावली. याचा अर्थ असा, की पहिला दगड कोणी मारला हे कळले तरी प्रश्न संपत नाही, तो शेवटच्या काठीपर्यंत चालू राहतो. दिल्लीच्या रामलीला मैदानावर ४ जून २०११ च्या मध्यरात्रीनंतर झोपलेल्या लोकांवर कारवाई झाली, त्या प्रकरणी २०१२ च्या निकालात न्यायालयाने आयोजकांवरही पंचवीस टक्के दोष ठेवला आणि तरीही पोलिसांची कारवाई हक्कभंग करणारी ठरवली. दोष असा वाटून ठेवता येतो. आपल्या राजकीय चर्चेला मात्र तो एकाच बाजूला संपूर्ण हवा असतो.

आणि दोष वाटला जाण्याची जी एक जागा आहे, म्हणजे न्यायालय, तिथपर्यंत प्रकरण जाणारच नाही अशी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून केली आहे. लाठीमारानंतर दुसऱ्या दिवशी ‘दोनशे ते तीनशे अनोळखी इसमां’वर सरकारी कामात अडथळा आणल्याचा आणि पोलिसांवर हल्ला केल्याचा गुन्हा दाखल होतो. हे अनोळखी इसम पुढे वर्षभर हळूहळू ओळखीचे होत जातात. कोणाची नोकरीची चारित्र्य पडताळणी अडते, कोणाचा पासपोर्ट. मग पुढच्या आंदोलनात मुख्य मागणीच्या खाली दुसरी मागणी येते, गुन्हे मागे घ्या, आणि सरकार ती सगळ्यात आधी मान्य करते, कारण तिला पैसा लागत नाही. गावाला आनंद होतो आणि तो रास्तही आहे. पण गुन्हा मागे गेला की त्याच्यासोबत ती एकमेव सुनावणीही जाते, जिथे बचावाच्या वकिलाने फौजदाराला उलटतपासणीत विचारले असते, की आदेश कोणी दिला, किती वाजता, आणि माझ्या अशिलाच्या डोक्याला लागले कसे? दोन्ही बाजूंनी पाटी कोरी होते. इकडे पोलिसांवर खटला भरायचा तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १५१ प्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी हवी, आणि ज्याने माफी मागितली तेच सरकार ती देणार. म्हणून गुन्हे मागे घेण्याच्या प्रत्येक तडजोडीत बळाच्या वापराची चौकशी वेगळी आणि चालू राहील, ही अट आंदोलकांनीच घालायला हवी. आजवर ती फारशी कोणी घालताना दिसले नाही, हा दोष आंदोलनांचा आहे.

पोलीस दलात नोंदीची शिस्त नाही, असे कोणी म्हणेल तर ते मात्र खोटे आहे. बंदुकीतून सुटलेल्या प्रत्येक फैरीचा हिशेब द्यावा लागतो. किती काडतुसे नेली, किती झाडली, किती परत जमा केली, हे शस्त्रागाराच्या वहीत असते. जालियनवाला बागेत १६५० फैरी झाडल्या गेल्या हा आकडा आपल्याला ठाऊक आहे तो काडतुसांचा हिशेब ठेवला जाई म्हणूनच. मेलेल्यांचा सरकारी आकडा ३७९ होता आणि त्यावर मात्र आजही वाद आहे. गोळीचा हिशेब ठेवायचा, कारण ती सरकारी मालमत्ता आहे. काठी परत जशीच्या तशी येते, म्हणून तिचा हिशेब नाही. गोळीबाराचे प्रमाण कमी झाले ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे बळाचा बहुतेक सगळा वापर आता बिनहिशेबी साधनाने होतो, हे कोणाच्या ध्यानात आलेले नाही.

काठी उगारणाऱ्या शिपायाबद्दलही बोलले पाहिजे. बंदोबस्ताला आलेला शिपाई बहुधा दुसऱ्या तालुक्याचा किंवा दुसऱ्या जिल्ह्याचा असतो, पहाटेपासून उभा असतो, जेवणाचे पाकीट दुपारी तीनला येते, लघवीला जायची सोय नसते, महिला शिपायांचे हाल तर विचारूच नयेत, आणि समोर घोषणा देणाऱ्यांत त्याचा भाऊबंदही असू शकतो. त्याला आदेशाचा शब्द ऐकू येतो, त्यामागचे कारण कोणी सांगत नाही. पुढे चित्रफीत सर्वत्र फिरते तेव्हा चेहरा त्याचा दिसतो, निलंबनही त्याचेच होते. आदेश लेखी असला तर त्याचा सर्वांत मोठा आधार या शिपायालाच असेल.

बळ न वापरता मोठ्या जमावाला हाताळणे आपल्या पोलिसांना जमत नाही, हेही खरे नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी पायी मुंबईत आले. सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाला त्यांनी सकाळी निघायचे तर दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण झाली असती, म्हणून थकलेल्या पायांनी ते रात्रीच चालत गेले आणि पोलिसांनी त्यांना वाट करून दिली. २०१६-१७ चे मराठा मूक मोर्चे लाखांचे होते. ऑगस्ट २०२५ अखेर जरांगे पाटील आझाद मैदानावर आले, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसभोवतीचे रस्ते भरून गेले, उच्च न्यायालयाने मैदान रिकामे करण्यास बजावले, शहरातले लोक वैतागले, आणि तरीही २ सप्टेंबरला मंत्र्यांनी मैदानावर जाऊन चर्चा केल्यावर ते आंदोलन लाठी न चालता उठले. माणसे तीच, मागणी तीच, पोलीस त्याच राज्याचे. अंतरवालीत आणि आझाद मैदानात फरक कशाने पडला, याचा तपशीलवार अभ्यास गृहखात्याने केला असेल तर तो लोकांपुढे ठेवावा. माझा अंदाज असा, की दुसऱ्या वेळी सगळा देश पाहत होता आणि बोलणी करणाऱ्याला बोलण्याचे अधिकार होते. १९९४ च्या नागपुरात यातले दुसरे नव्हते.

लेखी आदेशावर नेहमी घेतली जाणारी हरकत अशी, की कागदाच्या धाकाने अधिकारी कचरेल आणि ऐन वेळी बळ वापरणार नाही. थोडा कचरावा, हाच तर हेतू आहे. शिवाय मी दगड येत असताना अर्ज भरायला सांगत नाही. चोवीस तासांच्या आत एक पानी टिपण: आदेश देणाऱ्याचे नाव व हुद्दा, वेळ, आधी दिलेल्या सूचना, लोकांना जाण्यासाठी मोकळी ठेवलेली वाट, वापरलेले बळ, ते थांबवल्याची वेळ, आणि दोन्हीकडच्या जखमींची यादी जखमांच्या जागेसह. पोलिसांनी स्वतः केलेले चित्रीकरण त्याच दिवशी दंडाधिकाऱ्याच्या ताब्यात. हे टिपण आठवड्याभरात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावे. यातल्या बऱ्याच गोष्टी ठाण्याच्या दैनंदिनीत आजही लिहिल्या जातात; फरक एवढाच पडेल, की ती वही ठाण्याच्या कपाटातून बाहेर येईल. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचे निर्देश दिले आणि महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून ते नेमलेही, तेव्हा हे टिपण तपासायला नवी संस्था उभारण्याचीही गरज नाही. त्यासाठी गृहखात्याचे एक परिपत्रक पुरेल, आणि त्यावर सही मात्र मंत्रालयातच व्हावी लागेल.